सिमेंटची सावली

आमचे अप्पा दुपारी दोन वाजता फिरायला जायचे. सकाळी नाही, संध्याकाळी नाही, भर मे महिन्यात, लातुरात, दुपारी दोनला. त्या वेळी रस्त्यावर दोनच माणसं असायची, पुढे अप्पा आणि मागे छत्री घेऊन मी. कुत्रीसुद्धा हातगाड्यांखाली जिभा काढून पडलेली असायची. आम्ही जवळून गेलो तर एक डोळा उघडून बघायची आणि परत मिटून घ्यायची. भुंकायचे कष्ट कुणी घेत नसे.

अप्पा शाळेत पी.टी.चे सर होते. सुट्टीतही त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची आणि पायात खडू फासून पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट. पण त्यांची खरी ख्याती वेगळीच होती. प्रार्थनेच्या वेळी भोवळ येऊन पडणारी पोरं खरी पडली की खोटी, हे ते नुसतं बघून सांगायचे. गणिताची चाचणी असली की आमच्या शाळेत भोवळीची साथच यायची. अप्पा पडलेल्या पोराजवळ जायचे, गुडघ्यावर हात ठेवून वाकायचे आणि तोंडाकडे बघत राहायचे.

"खऱ्या भोवळीत पापण्या मेल्यागत पडून ऱ्हातात," ते आम्हाला सांगायचे. "नाटक्याच्या थरथरतात. त्याला बघायचं असतं ना, लोक बघून राहिले का न्हाई ते."

मग नाटक्याला कान धरून उठवायचे आणि मैदानाला दोन राउंड मारायला लावायचे. मीही त्याच शाळेत शिकले. त्यांचा अंदाज चुकल्याचं मी कधी पाहिलं नाही, आणि मी तर सगळी वर्षं त्याच आशेवर होते.

तर त्या उन्हाळ्यात डॉक्टरांनी अप्पांना सांगितलं की साखर वाढली आहे, रोज तासभर चाला. डॉक्टर एवढंच बोलले होते. दुपारचे दोन ही अप्पांची स्वतःची भर.

आईनं आधी भांडून पाहिलं. मग तिनं मला त्यांच्या मागे लावलं, आणि लावताना बाजारहाटाला निघाल्यासारखं लादलं. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात पितळेचा फिरकीचा तांब्या, म्हणजे झाकण फिरवून घट्ट बसतं तो, आणि कुडत्याच्या खिशात कांदा. खिशात कांदा असला की ऊन माणसाला न लागता कांद्याला लागतं, यावर आमच्याकडे कुणाचंच दुमत नव्हतं. पण आईचं माहेर अर्धापूरचं, केळीच्या बागांतलं. तिचा खरा विश्वास केळीच्या पानावर. ती रोज पानाचा तुकडा कापून अप्पांच्या टोपीत आतून घालायची.

"आमच्या बागंत ऊन शिरतच न्हाई," ती म्हणायची. "तुमचं हे लातूर म्हणजे नुस्ता तवा हाय."

पान टोपीपेक्षा नेहमी मोठं असायचं. त्याची टोकं अप्पांच्या दोन्ही कानांवरून बाहेर डोकवायची. त्या अवतारात, ओला पंचा मानेवर टाकून, अप्पा हात जोरजोरात हलवत निघायचे. मी मागून बघून तोंडात ओढणी कोंबायचे.

शेजारच्या चाचीचं आणखी निराळं. तिचं घर आमच्या घराला चिकटून होतं आणि मधल्या भिंतीवरून वाट्या इकडून तिकडे जायच्या. आम्ही निघायच्या वेळी ती सब्जा घातलेलं सरबत घेऊन दारात उभीच असायची. ते प्यायल्याशिवाय सोडायची नाही. त्यावर आईचं कैरीचं पन्हं असायचंच. त्यामुळे आम्ही उन्हावर मात करायला निघायचो ते पोटात डबडब आवाज करत.

चालायचेही अप्पांचे नियम होते. पहिली काही मिनिटं हळू. तहान लागायच्या आधी घोटभर पाणी, एकदम ढसाढसा नाही. अंगातले कपडे पांढरे आणि ढगळ. घाम पुसायचा नाही, तो अंगावर वाळू द्यायचा, कारण घाम हा देवानं दिलेला कूलर आहे. हे सगळं ते चालता चालता मागे न बघता मोठ्यानं सांगायचे. मी वर्गातल्यासारखी "हो सर" म्हणायचे आणि ते रागवायचे.

एक नियम मात्र मला कळत नव्हता. रस्त्याच्या कडेला दुकानांच्या छज्ज्यांखाली छान सावली असायची. अप्पा तिकडे फिरकायचे नाहीत. रस्त्याच्या बरोबर मधून, डांबर वितळलेलं असेल तिथून चालायचे. कुठे कडुलिंबाचं झाड आलं तर खाली खुशाल पाच मिनिटं उभे राहायचे. पण दुमजली इमारतीची गार सावली समोर असली तरी तिला वळसा घालायचे.

"अप्पा, ती बी सावलीच हाय की," मी म्हणायचे.

"झाडाची सावली थंड असती पोरी. सिमेंटची सावली गरम. हात लावून बघ भिंतीला."

मी हात लावून बघितला. भिंत खरंच भाजत होती.

किल्लारीचा भूकंप होऊन तेव्हा एक वर्षही झालं नव्हतं. गावात दुसरीच गडबड सुरू झाली होती. लातूरची पोरं बोर्डात वर यायला लागली होती आणि गल्लीगल्लीत क्लास उघडत होते. माझा बारावीचा सुट्टीतला क्लास कुणाच्या तरी परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. आत आम्ही उकडून निघायचो. उदगीर, रेणापूर, पार किनवटकडून आलेली पोरं खोल्या करून राहायची आणि कुणाला जास्त मार्क पडले की तो काय खातो, कधी उठतो, कुठल्या कुशीवर झोपतो याची चौकशी करायची. अशात एका चाचणीत चुकून माझा पहिला नंबर आला. एका मुलाच्या वडिलांनी मला शेडबाहेर गाठलं आणि विचारलं, "बाई, तू नेमकं करतीस तरी काय?"

माझ्या जिभेला हाड नव्हतं. मी गंभीर चेहरा करून सांगितलं, "दुपारी दोनला उन्हात चालते. मेंदू तापला की आतलं सगळं पक्कं बसतं. विटेसारखं."

दोन दिवसांनी दोन वाजता आमच्या दारात सात-आठ पोरं उभी होती. सगळ्यांच्या खिशात कांदे. एकाच्या हातात रसायनाचं पुस्तक, कारण त्याच्या वडिलांनी सांगितलं होतं की तापलेल्या वेळी वाचत चाल. अप्पांना कसं वाटलं असेल ते विचारू नका. त्यांनी पोरांना उंचीप्रमाणे उभं केलं, शिट्टी मारली आणि लातूरच्या रिकाम्या रस्त्यावरून आमची कवायत निघाली. पुढे केळीच्या कानांचे अप्पा, मध्ये पोरं, मागे छत्री धरून मी. सगळ्या रांगेला कांद्याचा वास. कापड दुकानाचे मालक, कपाळावर विभूतीचे पट्टे ओढलेले, गादीवरून उठून बाहेर आले आणि त्यांनी मला विचारलं की कुणाची मिरवणूक आहे.

चौथ्या-पाचव्या दिवशी त्यातल्या एकाचा घोळणा फुटला. नाकातून रक्ताची धार लागली, शर्ट लाल झाला. अप्पांनी त्याला लिंबाखाली बसवलं, तांब्यातलं पाणी डोक्यावर ओतलं, नाक चिमटीत धरलं. पोरगं बरं झालं. पण संध्याकाळी त्याची आई आमच्या दारात आली आणि तिनं जे काही सुनावलं ते सबंध गल्लीनं ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून आम्ही पुन्हा दोघंच.

आणि त्याच आठवड्यात अप्पांनाच ऊन लागलं. परत येताना त्यांचे पाय वाकडे पडायला लागले. बोलणं तोंडातल्या तोंडात. अंगणात येऊन ते बाजेवर पडले ते कांबळं मागत, अंग फणफणलेलं असताना. आईनं तळपायांना कांदा चोळला, मी पंचा ओला करकरून कपाळावर ठेवत राहिले. डॉक्टर येऊन गेले. जाताना दारात आईला म्हणाले, यांना साखर आहे, पुन्हा भर दुपारी बाहेर पडले तर मी काही करू शकणार नाही.

"तेवढं आत तरी न्या त्यांना," डॉक्टर म्हणाले. "पंख्याखाली."

अप्पा तापातही बाजेची दोरी धरून म्हणाले, "हवा हाय इथं. मला इथंच बरं वाटून राहिलंय."

आमच्या अंगणात झाड नव्हतं, नुसती शहाबादी फरशी. सूर्य मावळला तरी तिच्यातून झळा यायच्या. मी आईकडे बघितलं. ती मला मोरीच्या बाजूला घेऊन गेली आणि हळू आवाजात बोलली.

"छताचं भ्या बसलंय त्यांना. तुला कळलं न्हाई का अजून? किल्लारीकडून आल्यापासून आत पाऊल न्हाई टाकलं त्यांनी."

मग माझ्या डोळ्यांसमोरून सगळं वर्ष गेलं. भूकंप झाल्यावर शाळेतले शिक्षक मिळून तिकडे ढिगारे उपसायला गेले होते. अप्पा काही दिवसांनी आले, हातांची नखं फुटलेली होती, "जमंल तेवढं केलं" इतकंच म्हणाले. तेव्हा सगळं लातूर अंगणात झोपत होतं, म्हणून कुणाला काही वाटलं नाही. थंडी पडली तसे लोक एकेक करून आत गेले. अप्पा म्हणाले, मोकळ्या हवेत झोपणं आरोग्याला चांगलं. पी.टी.चे सरच ते, आम्हाला पटलं. शाळेत ते दिवसभर मैदानावर. जेवण बाजेवर. आंघोळ अंगणातल्या पत्र्याच्या मोरीत. उन्हाळ्याच्या सुट्टीतली दुपार तेवढी उरली. त्या दोन-तीन तासांत एकतर आत यावं लागणार, नाहीतर कुणीतरी "आत या की" म्हणणार. म्हणून ते चालत होते. डॉक्टरांनी चाला म्हटल्यावर त्यांना केवढं बरं वाटलं असेल.

"मग विचार ना त्यांना सरळ," मी म्हणाले.

"खबरदार. तो माणूस मरंल, पण हे तोंडानं बोलणार न्हाई. कूलर आणला तर काय म्हणले आठवतं का? हवा इथपर्यंत येऊन राहिली म्हणे."

मला फार वाईट वाटलं आणि रागही आला. ताप उतरला तसे आईचं न ऐकता अप्पा पुन्हा बुटांना खडू फासायला लागले. उपाय करायचा तर मलाच करावा लागणार होता, आणि मला येत होतं ते फक्त नाटक. त्यांना स्वतःसाठी आत जाता येत नव्हतं. पण माझ्यासाठी? मी भर रस्त्यात भोवळ येऊन पडले, तर ते मला जवळच्या दुकानात पंख्याखाली नेतीलच. एकदा आत जाऊन आले, काही पडलं नाही हे बघितलं, की भीती मोडेल. सतराव्या वर्षी माणसाला सगळं इतकं सोपं वाटतं.

मी चाचीला सांगितलं. ती आधी हसून हसून भिंतीला टेकली आणि मग माझी गुरू झाली. आई झोपली की चाचीच्या ओसरीवर तालीम चालायची.

"सीधा नक्को गिर, लकडी के माफिक," ती म्हणायची. "पहले छत्री छोड. फिर तांब्या. फिर तू. और नीम के नीचे नक्को गिर, सर उधरिच लिटा देंगे."

हा मुद्दा मला सुचलाच नव्हता. मग जागा शोधली. ते विभूतीवाल्यांचं कापड दुकान. आसपास एकही झाड नाही, वर मजला, समोर तीन रुंद पायऱ्या आणि आत भला मोठा कूलर. पापण्यांचा सराव मी वेगळा केला. आरशासमोर डोळे मिटून बसायचे, पण आपल्याच मिटलेल्या पापण्या आरशात कशा बघायच्या, यात माझे दोन दिवस गेले.

ठरल्या दिवशी अप्पांचे पाय नेहमीपेक्षा जड पडत होते. दुकान आलं. मी छत्री सोडली. तांब्या सोडला, तो ठणठणत घरंगळत गेला. मग मी पडले. तालीम ओसरीच्या गार फरशीवर झाली होती आणि हे डांबर होतं, हे मी विसरले होते. कोपर असं भाजलं की आई गं म्हणून ओरडणारच होते. ओठ दाबून पडून राहिले.

"पोरी! ए पोरी!"

त्यांचा तसा आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. त्यांनी मला उचललं. मी काही लहान नव्हते, त्यांचा ताप जाऊन चार दिवस झाले होते, तरी उचललं. दुकानातून मालक ओरडले, "सर, आत आणा! कूलरसमोर आणा!"

अप्पा पायऱ्या चढले आणि थांबले.

माझ्या पापण्यांवर ऊन होतं, सगळं लाल दिसत होतं. त्यांची छाती माझ्या कानाशी धडधडत होती. मालक पुन्हा म्हणाले, "अहो या की आत!" अप्पा हलले नाहीत. आता हे वळणार आणि मला घेऊन घरापर्यंत उन्हात चालत सुटणार, असं मला वाटलं. आता मात्र मला भीती वाटली. उठावं, हसावं, सगळं संपवावं असं वाटलं.

तेवढ्यात पापण्यांवरचं ऊन गेलं. मला वाटलं आत आलो. पण ती दुकानाची सावली नव्हती. अप्पा माझ्यावर वाकले होते. त्यांची हनुवटी माझ्या कपाळाला लागली, गळ्यातली शिट्टी माझ्या मानेवर पडली, टोपीतलं केळीचं पान गालाला घासलं. इतके वाकले की त्यांना नीट चालताही येईना. मला पोटाशी घट्ट दाबून, पाठ वर करून, ते तसेच उंबरा ओलांडून आत आले. छत पडलं असतं तर आधी त्यांच्या पाठीवर पडलं असतं. मला ते लगेच कळलं. डोळे मिटलेलेच होते, त्यातून पाणी यायला लागलं, आणि भोवळ आलेली माणसं रडत नाहीत हे मला माहीत असूनही थांबवता येईना.

त्यांनी मला गादीवर ठेवलं, पण ताठ झाले नाहीत. दोन्ही हात माझ्या दोन्ही बाजूंना टेकून माझ्यावर तसेच ओणवे राहिले. मालक साडीच्या खोक्याचं झाकण घेऊन वारा घालत होते.

"सर, जरा सरका. पोरीला हवा तर लागू द्या."

"लागून राहिलीय," अप्पा म्हणाले.

मी डोळे उघडले. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घाम माझ्या तोंडावर ठिबकत होता.

"अप्पा, बाहेर जाऊ," मी म्हणाले.

त्यांनी वर छताकडे बघितलं. मग कूलरकडे. मग माझ्याकडे.

"गार वाटून राहिलं का तुला?"

"हाव."

"मग बसू."

ते माझ्या शेजारी बसले. एक हात माझ्या डोक्यावर पसरून ठेवला होता, तो शेवटपर्यंत काढला नाही. मालकांनी गूळ-पाणी दिलं. आम्ही जरा सावरलो असं बघून त्यांनी विचारलंच, "उन्हाचे खादीचे पंचे आलेत सर, दाखवू का?" आम्ही दोन पंचे घेऊन घरी आलो.

त्या संध्याकाळी मी अंगणात कोपराला खोबरेल लावत बसले होते. अप्पा बाजेवर बसून बुटांना खडू फासत होते.

"उद्या सकाळी मैदानावर ये," ते खाली बघूनच म्हणाले. "दोन राउंड."

माझा हात थांबला. "कशाबद्दल?"

"पापण्या."

मी खोबरेलाची वाटी खाली ठेवली. मग विचारलं, "कधी कळलं?"

"पायरीवर."

म्हणजे आत जायच्या आधी. मी त्यांच्याकडे बघत राहिले. "मग आत कशाला गेलात?"

अप्पांनी बूट हातात फिरवला. खडू जिथे लागलेला होता तिथेच पुन्हा फासला.

"अंदाज चुकला असता तर?" ते म्हणाले. "बाकीच्या पोरांचा चुकला तर चुकला."

सकाळी मी दोन राउंड मारले. अप्पा शिट्टी घेऊन उभे होते, एकही पाऊल माफ केलं नाही. दुपारी दोनला मात्र त्यांनी बूट घातले नाहीत. खुर्ची घेतली आणि दाराच्या आत, उंबऱ्याला लागून ठेवली. पाय बाहेर उन्हात, बाकीचे अप्पा आत. "तू इथं बस अभ्यासाला," मला म्हणाले. आईनं कूलरचं तोंड त्यांच्याकडे वळवलं आणि भिंतीपलीकडून चाचीनं सरबताची दोन भांडी दिली.

ती सुट्टी मी त्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसून काढली. मी पाणी प्यायला उठले की अप्पाही उठून अंगणात जायचे, भाजणाऱ्या फरशीवर उभे राहायचे. मी परत येऊन बसले की आत यायचे. दोन दिवस माझ्या हे लक्षात आलं नाही. तिसऱ्या दिवसापासून मी फिरकीचा तांब्या भरून जवळच घेऊन बसायला लागले.